मुन्शीजींनी वाचलेला कागद

"थांब. आता तू सांग मला, काय लिवलंय?"

असं म्हणून मुन्शीजी समोरच्याचं मनगट धरून ठेवायचे. अंगठ्याला शाई लागलेली, कागद पुढ्यात पसरलेला आणि माणूस घाईत. पण मुन्शीजी ते मनगट काही सोडत नसत. अर्ज एकदा वाचून दाखवायचा, दुसऱ्यांदा वाचून दाखवायचा, आणि मग त्या माणसानं तो आपल्या शब्दांत त्यांना परत सांगायचा, असा त्यांचा नेम होता. सांगता आला की "बराबर" म्हणून ते स्वतःच तो अंगठा कागदावर टेकवत. नाही आला तर अंगठा तसाच अधांतरी, आणि वाचन पुन्हा पहिल्यापासून. कधीकधी शाई वाळून जायची आणि नव्यानं लावावी लागायची.

कुठल्याही तहसील कचेरीच्या आवारात तुम्ही असे अर्जनवीस पाहिले असतील. ज्याला लिहिता येत नाही त्याचं गाऱ्हाणं सरकारला समजेल अशा भाषेत लिहून देणारी ही माणसं. आमच्या तालुक्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्या कचेरीत आजही माणसं काम करतात आणि त्यांचा यात काही दोष नाही. परतूरला रेल्वेतून उतरून पुढं जावं लागे, एवढं सांगितलं तरी पुरे. निजामाचं राज्य जाऊन नुकतीच दोन-तीन वर्षं झाली होती. मी त्या कचेरीत नकला करणारा कारकून होतो, आणि माझ्या खिडकीसमोरच्या कडुनिंबाखाली मुन्शीजींचं गोणपाट अंथरलेलं असे.

काळी टोपी, कोपरावर विटलेला कोट, आणि एका बाजूनं दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा. शेजारी एक पत्र्याची पेटी. लिहायचे उर्दूत, बोलायचे आमच्यासारखं. कचेरीचा सगळा कारभार तेव्हा उर्दूतच चाले. त्यांचं अक्षर इतकं देखणं होतं, की तहसीलदारांपुढं कागद ठेवणारे आमचे जुने पेशकार त्यांचा अर्ज हातात आला की आधी नुसता बघत बसत आणि मग वाचत.

एकदा एक म्हातारा कुणबी आला. बांधाच्या भांडणाचा अर्ज होता. तीन वेळा वाचून दाखवला तरी म्हाताऱ्याला परत सांगता येईना. शेवटी तो वैतागून म्हणाला, "घ्या की मुन्शीजी अंगठा! मला न्हाई समजलं तरी साहेबाला समजंल." मुन्शीजींनी तो सबंध लिहिलेला अर्ज टराटरा फाडला. म्हातारा घाबरला. मुन्शीजी शांतपणे नवा कागद घेऊन म्हणाले, "तुला समजलं न्हाई म्हंजे मला लिवता आलं न्हाई. सांग पुन्हा, बांध कुठून कुठं गेल्ता?"

दुसरा एक तरणाबांड गडी बायकोला माहेराहून परत आणवण्यासाठी तहसीलदारसाहेबांना अर्ज करायचा म्हणून आला होता. मुन्शीजींनी सगळी हकीगत ऐकून घेतली. मग म्हणाले, "बाबा, सरकारच्या कायद्यात सासरा बसत न्हाई." आणि त्याच बैठकीत त्यांनी सासऱ्याला एक पत्र लिहून दिलं, तेही त्या गड्याकडून पुन्हा म्हणवून घेऊन. त्यात "माझी चूक झाली" असं एक वाक्य होतं, ते काही केल्या त्याच्या तोंडून निघेना. मुन्शीजींनी अर्धा तास त्याचं मनगट सोडलं नाही. बायको परत आली असं पुढं कळलं.

लोकांना त्यांनी आणखी एक गोष्ट पढवली होती. पटवारी वही दाखवत नाही, चावडीवरचा शिपाई विनाकारण बसवून ठेवतो, कोणी म्हणतो तुला पाणी मिळणार नाही. अशा वेळी भांडायचं नाही, हात जोडायचे नाहीत, फक्त एवढंच म्हणायचं: "साहेब, हुकूम लेखी द्या." लेखी म्हटलं की निम्म्याहून जास्त हुकूम जागच्या जागी विरून जातात, हे मुन्शीजींनी निजामाच्या अमलातच ताडलं होतं. पुढं पुढं गावोगाव हे वाक्य इतकं पसरलं, की तीर्थपुरीच्या बाजारात एक जण बायकोनं घागर भरून आण म्हटल्यावर "लेखी दे" म्हणाला आणि त्याला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. मुन्शीजींना हा किस्सा सांगितला, तेव्हा ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले.

माझ्यावर त्यांचा लोभ होता. मला ते "कारकूनसाहेब" म्हणत, थोडं चिडवून, थोडं खरंच. दुपारच्या सुट्टीत मी भाकरी घेऊन त्यांच्या गोणपाटावर जाऊन बसे. कायद्याचं जे काही मला समजतं ते मी त्या झाडाखाली शिकलो. माझे वडील लहानपणीच गेले होते, आणि मला कोणासारखं व्हावंसं वाटत असेल तर ते मुन्शीजींसारखं वाटे. हे मी आज लिहितो आहे, पण तेव्हाही मला ते माहीत होतं.

मग कुळकायदा आला. दुसऱ्याच्या मालकीची जमीन जो वर्षानुवर्षं कसतो, त्याचं नाव यादीत चढणार. आणि एकदा चढलं की मालकाला त्याला वाटेल तेव्हा हाकलता येणार नाही. मुन्शीजींनी कायद्याची प्रत मिळवली आणि बाजाराच्या दिवशी झाडाखाली उभं राहून वाचली. उर्दूत एक ओळ वाचायची, मग आपल्या भाषेत तिचा अर्थ सांगायचा. दीड-दोनशे माणसं ऐकत होती. मालक लोकांचे दिवाणजीही मागं उभे होते. त्या दिवशी मुन्शीजी मला फार उंच वाटले, आणि ते काही उंच नव्हते.

भागाबाई पहिल्यांदा आली ती त्यानंतर. गोदाकाठच्या एका गावची विधवा, तिशी-पस्तिशीची. गावचे मोठे जमीनदार, ज्यांना सगळे नुसतं "मालक" म्हणत, त्यांचं नाल्याकाठचं रान तिच्या नवऱ्यानं लग्नाआधीपासून कसलेलं. नवरा तापानं गेला. तेव्हापासून ती आणि तिची सासू, दोघी मिळून ज्वारी आणि कापूस काढत होत्या. पटवाऱ्यानं यादीतून नवऱ्याचं नाव वगळलं, कारण तो मेला होता. आणि हिचंही घातलं नाही, कारण त्याच्या मते बाईमाणूस कूळ होऊ शकत नव्हतं.

"त्याला इचारलंस का, हे कुठं लिवलंय?" मुन्शीजी म्हणाले.

"मी कशी इचारू?"

"तोंडानं. म्हणायचं, साहेब, हुकूम लेखी द्या."

ती गेली आणि तसं म्हणाली. पटवाऱ्याला काही लेखी देता येईना. मग मुन्शीजींनी तिचा अर्ज लिहिला, वारस म्हणून. आमच्या पेशकारांशी त्यांनी त्या अर्जासाठी आवाज चढवून वाद घातलेला मी स्वतः ऐकला. भागाबाईची एक गंमत होती. कितीही लांब मजकूर असो, एकदा ऐकला की ती तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायची, स्वल्पविरामाला थांबून. मुन्शीजी कौतुकानं माझ्या खिडकीकडे बघत. तिचं नाव यादीत चढलं, त्या हंगामात ती हुरड्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन चालत आली. आम्ही तिघांनी झाडाखाली बसून तो मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ला.

पुढच्या वर्षी कचेरीचं काम हळूहळू मराठीत यायला लागलं. नवे छापील नमुने मराठीत आले. नवे दोन तरुण अर्जनवीस झाडाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसले. त्यांना उर्दूचा गंध नव्हता आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. मुन्शीजींना मराठी बोलता येई, पण लिहिताना त्यांचा हात अडखळे. एकदा मी त्यांचा मराठीत लिहिलेला अर्ज पाहिला. शाळेतल्या पोरानं लिहावा तसा होता. त्यांनीच तो माझ्या हातातून काढून घेतला.

आता त्या दिवसाचं सांगतो. चैत्राचे दिवस होते, उन्हाचा ताव सुरू झाला होता. मालकांच्या रानातली सात कुळं एकदम कचेरीत आली, भागाबाई त्यांतच. ती सगळी मालकांच्या दिवाणजीच्या छकड्याबरोबर आलेली मी पाहिली, आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मुन्शीजी त्यांना समजावून सांगत होते. खिडकीतून मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"उर्दूची यादी आता मराठीत होऊन राह्यली. जुनी नावं नव्या वहीत पक्की करायचीत. म्हणून पुन्हा अंगठे. साहेब इचारतील, राजीखुशीनं दिलं का? तर होय म्हणायचं. बस."

त्यात खोटं वाटावं असं काय होतं? कचेरीतल्या सगळ्याच वह्या तेव्हा खरोखर बदलत होत्या.

मग त्यांनी एकेकाला कागद वाचून दाखवला. दोन-दोन वेळा. भागाबाईचं मनगट धरलं. "थांब. आता तू सांग मला, काय लिवलंय?"

ती घडाघडा म्हणाली, "नाल्याकाठचं रान माझ्याकडं कूळ म्हनून हाय, ते नव्या वहीत चढवावं, मला कोनी रानातून काढू नये, असं लिवलंय."

"बराबर," मुन्शीजी म्हणाले आणि तिचा अंगठा कागदावर टेकवला.

त्या दिवशी आमचे पेशकार रजेवर होते आणि त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं होतं. तहसीलदारसाहेब नवे होते, दौऱ्यावर निघायच्या घाईत होते. आलेला कागद समोरच्या माणसाला वाचून दाखवणं, त्याला समजला याची खात्री करणं आणि तसा शेरा मारून तो साहेबांपुढं ठेवणं, हे त्या खुर्चीवरच्या माणसाचं काम. मुन्शीजींनी सात कागद माझ्या टेबलावर ठेवले. घडी घातलेले, अंगठ्यांची बाजू वर.

"सगळ्यांकडून म्हणवून घेतलंय," ते म्हणाले. "तुमी बघितलंच की."

बघितलंच होतं मी. उर्दू मला चांगलं वाचता येत होतं. घडी उलगडायला किती वेळ लागला असता? मी ती उलगडली नाही. प्रत्येक कागदावर शेरा लिहिला: मजकूर वाचून दाखवला, समजला, राजीखुशीने कबूल. सात वेळा लिहिला आणि सही केली. साहेबांनी मान वर न करता एकेकाला विचारलं, "राजीखुशीनं ना? कोणी दम नाही दिला?" भागाबाईला हसू आलं. "मला कोन दम देनार साहेब? खुशीनंच." साहेबांनी मंजुरी लिहिली आणि टांग्यात जाऊन बसले.

वैशाख संपता संपता भागाबाई धापा टाकत कचेरीत आली. मालकांच्या गड्यांनी तिच्या रानात नांगर घातला होता. तिनं अडवलं, तर पटवारी म्हणाला, तू तर जमिनीचा राजीनामा लिहून दिलास, आता रान मालकाचं. पण ती माझ्याकडे तक्रार घेऊन आलीच नव्हती. ती विचारत होती, "मुन्शीजी कुठं गेले? दोन येळा येऊन गेले मी, झाडाखाली न्हाईत. त्यांना सांगा जल्दी, पटवाऱ्यानं कायतरी घोटाळा करून ठिवलाय."

मुन्शीजी बरेच दिवस झाडाखाली बसलेले नव्हते, हे खरं होतं. बरं नसेल, असं मी धरून चाललो होतो.

मी दप्तरातून तिचा कागद काढला आणि उलगडला. ते देखणं अक्षर. त्यात लिहिलं होतं, की मी हे रान कसू शकत नाही, माझा कूळ म्हणून असलेला सगळा हक्क मी आपखुशीनं सोडत आहे, आणि रान मालकाच्या ताब्यात देत आहे. कुळाला जमीन सोडायचीच असेल तर ती लेखी सोडली पाहिजे आणि तहसीलदारासमोर कबूल केली पाहिजे, असा कायदाच होता. कुळाला फसवून कोणी काढू नये म्हणूनच तो होता. मुन्शीजींनीच तो बाजाराच्या दिवशी झाडाखाली वाचून दाखवला होता. आणि खाली माझ्या अक्षरात माझा शेरा.

मी तिला तो कागद वाचून दाखवला, एकेक ओळ मराठीत करून. जे त्या दिवशी करायचं होतं ते.

ती ऐकत राहिली. मग मान हलवून म्हणाली, "न्हाई साहेब. असं न्हाई लिवलेलं. नाल्याकाठचं रान माझ्याकडं कूळ म्हनून हाय, ते नव्या वहीत चढवावं, मला कोनी रानातून काढू नये, असं लिवलंय." एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"बाई, कागद माझ्या हातात आहे."

"तुमाला उर्दू बराबर येत नसंल," ती समजुतीनं म्हणाली. "मुन्शीजींना येऊ द्या, ते वाचतील."

मी त्याच दुपारी मुन्शीजींच्या खोलीवर गेलो. पेटी बांधून दाराशी ठेवलेली होती. मालकांनी त्यांना वाड्यावर कारकुनीला ठेवलं होतं. राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि मरेपर्यंत कोणी ऊठ म्हणणार नाही असा शब्द. हे त्यांनीच मला सांगितलं, मी न विचारता.

"काऊन केलं मुन्शीजी?" माझ्या तोंडून खेड्यातलं बोलणं आलं.

"कचेरी मराठी झाली. मला आता कोण इचारणार? साठी उलटली माझी. त्या पोरांच्या शेजारी बसून मी काय लिवू?"

"म्हणून तिचं रान दिलंत? तिचं नाव तुम्हीच चढवलं होतं!"

ते चष्म्याचा दोरा सारखा करत म्हणाले, "मला वाटलं, तुमी वाचाल. घडी उघडाल आन् वाचाल. मंग तिथंच सगळं थांबलं असतं, आन् मालकाला सांगता आलं असतं, बाबा, माझ्याकडून झालं ते केलं. तुमी वाचलं काऊन न्हाई, कारकूनसाहेब?"

इतकी वर्षं झाली, पण या प्रश्नाचा मला अजून राग येतो. मी वाचलं नाही कारण ते मुन्शीजी होते. आणि ते तेच मला विचारत होते. हे खरं होतं की पळवाट, हे मला त्या दिवशी कळलं नाही. मी चपला पायात सरकवून निघून आलो.

अपील मी स्वतः लिहिलं, मराठीत, भागाबाईच्या नावानं. त्यात स्पष्ट लिहिलं, की कचेरीच्या कारकुनानं मजकूर वाचून दाखवलेला नाही. आमच्या पेशकारांनी मला बाजूला घेऊन विचारलं, नोकरी नकोशी झाली आहे का. बाकीच्या सहा कुळांकडेही मी गेलो. दोघं मालकांकडेच सालगडी म्हणून राहिले होते, बाकीचे नुसते जमिनीकडे बघत बसले. कोणी अंगठा द्यायला तयार झालं नाही. कशाचाच अंगठा नको, असं ते म्हणाले.

डिप्टी कलेक्टरसाहेब दौऱ्यावर आले की अपिलं आमच्याच कचेरीत ऐकत. ते जुने हैदराबादचे, उर्दू त्यांची मुरलेली. त्यांनी आधी मला विचारलं, "हा शेरा तुमचा?"

"होय साहेब."

"वाचून दाखवलं होतं?"

भागाबाई भिंतीशी उभी होती. तहसीलदारसाहेब माझ्याकडे बघत होते. "नाही साहेब," मी म्हणालो.

मालकांचे वकील लगेच उठले. त्यांचं म्हणणं असं, की कारकुनानं नसेल वाचलं, पण अर्जनवीसानं तर वाचलं होतं ना? बाईला मजकूर माहीत होता, मग तक्रार कसली? आणि त्यांनी साक्षीला मुन्शीजींना उभं केलं. नवा कोट घातला होता त्यांनी, मालकांनी दिलेला असावा. वकिलांनी कागद त्यांच्या हातात दिला. "मुन्शीजी, त्या दिवशी तुम्ही या बाईला जे वाचून दाखवलं, ते साहेबांना वाचून दाखवा."

मुन्शीजींनी कागद डोळ्यांसमोर धरला. मग मान वर केली, आणि त्यांना भिंतीशी उभी असलेली भागाबाई दिसली. ती त्यांच्याकडे अशी बघत होती, की आता सगळं नीट होणार.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. कागदावर बोट ठेवून, ओळीमागून ओळ, न अडखळता. "नाल्याकाठचं रान माझ्याकडं कूळ म्हणून आहे. ते नव्या वहीत चढवावं. मला कोणी रानातून काढू नये."

वकील चपापले. साहेबांनी हात पुढं करून कागद घेतला आणि मनातल्या मनात वाचला. दोन्ही एकमेकांसमोर ठेवून बघावं तसं त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मुन्शीजींकडे. "मुन्शीजी," ते हळू आवाजात म्हणाले, "आप बाहर बैठिए."

राजीनामा रद्द झाला. रान भागाबाईकडे राहिलं. निकाल तिला मराठीत सांगण्यात आला: वाचून दाखवल्याचा कारकुनाचा शेरा खोटा असल्यामुळे हा कागद रद्द. मुन्शीजींचा अर्ज लिहिण्याचा परवाना काढून घ्यायचा हुकूम निराळा निघाला, तो तिच्यापर्यंत पोचायचं काही कारण नव्हतं. माझ्या नोकरीच्या पुस्तकात लाल शाईनं ठपका आला. तो मी कमावलेला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बाहेर मुन्शीजी पायरीवर बसले होते. भागाबाईनं जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागं घेतले, पण ती खालीच राहिली. "मला ठावं व्हतं मुन्शीजी," ती म्हणाली. "तुमी बराबरच वाचलं व्हतं. कचेरीतल्या मानसानं घोळ केला." आणि उठताना तिनं माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे त्याआधी कोणी पाहिलेलं नव्हतं.

ती पाणी प्यायला हौदाकडे गेली, तेव्हा मुन्शीजी माझ्याजवळ आले.

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "तेवढं एक करा."

"आणि मला ती काय समजेल?"

ते परत पायरीवर जाऊन बसले. वाड्यावरची खोली गेली हे त्यांना कळून चुकलं होतं, आणि झाडाखालची जागा तर आधीच गेली होती. त्याच आठवड्यात ते परतूरहून गाडीत बसून मुलीकडे निघून गेले. मला भेटले नाहीत. मीही स्टेशनावर गेलो नाही. दोन वर्षांनी ते वारल्याचं कानावर आलं, तेव्हा मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही संताप आला.

मी तिला सांगितलं नाही. मुन्शीजींवर दया म्हणून नव्हे. त्यांना मी माफ केलेलं नाही आणि सहा कुळांची रानं आठवली की करावंसं वाटतही नाही. पण आपण ज्याच्यावर इतका विश्वास टाकला त्यानं आपल्याला विकलं, हे कळल्यावर कसं वाटतं ते मला माहीत झालं होतं. ते तिला कशाला कळवायचं?

भागाबाई पुढं कितीतरी वर्षं कचेरीत येत राहिली. पाण्याच्या पाळीचा अर्ज, सासूच्या मृत्यूची नोंद, काही ना काही असायचं. एकदा नव्या अर्जनवीसानं मराठीत लिहिलेला कागद हातात घेऊन ती व्हरांड्यात खोळंबून उभी होती. मी टेबलावरून उठून तिच्याकडे गेलो.

"आणा बाई," मी म्हणालो, "मी वाचून दाखवतो."

तिनं कागद पोटाशी धरला.

"नगं साहेब," ती म्हणाली. "मी शाळंच्या मास्तरकडून वाचून घेते."